पूर्व नाशिकच्या कोरड्या पट्ट्यातली छोटी ग्रामपंचायत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येवला, नांदगाव, चांदवडचा खालचा भाग, सिन्नरचा पूर्वेकडचा शिवार. इथल्या हजार-पाचशे वस्तीच्या गावांतून फोन येतात ते दोन हंगामांत. मार्चनंतर, बोअर गुळण्या टाकायला लागले की. आणि ग्रामपंचायतीचे फॉर्म भरायची तारीख लागली की. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. ज्याचं उत्तर आधी दिलंय तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमचा भाग वाळवंटात मोडतो का? ठरावात तसं लिहिलं तर चालेल?

मोडत नाही, आणि लिहू नका. वाळवंट म्हणायला ढोबळमानाने वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस लागतो. आपल्याकडे पाचशेच्या आसपास पडतो. अर्थात त्याच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजारांच्या वर कोसळतो, म्हणून आपलं दुःख जास्त टोचतं. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण त्याच्या पाठीमागे बसलोय. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. वर खाली सगळा काळा पाषाण. त्याच्या फटीत मावेल तेवढंच पाणी जमिनीत राहतं, त्यामुळे दिवाळीला काठोकाठ असलेली विहीर होळीला तळ दाखवते.

माणसांच्या विरळपणातही आपण वाळवंट नाही. २०११ च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला १७ माणसं होती, नाशिक जिल्ह्यात ३९३. या ३९३ मध्ये नाशिक आणि मालेगाव ही दोन शहरं आहेत, तुमच्या शिवारात एवढी दाटी नाही हे मान्य. पण सरकारी कागदाला ‘वाळवंट’ हा शब्द कळत नाही. त्याला ‘टंचाईग्रस्त’ आणि ‘अवर्षणप्रवण’ हे दोनच शब्द कळतात. तेच वापरा.

२. आमच्या गावात जेमतेम पाचशे माणसं. शेजारच्या गावाबरोबर ग्रुप ग्रामपंचायत आहे आणि सगळी कामं तिकडेच होतात. वेगळी मिळेल का?

मागता येते. ग्रामसभेचा ठराव करायचा, प्रस्ताव पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेमार्फत वर जातो, शेवटचा शब्द शासनाचा. लोकसंख्येचा निकष लावला जातो आणि पाचशेच्या गावाला तो बहुतेक वेळा आडवा येतो.

माझं मत विचाराल तर घाई करू नका. निधी माणशी मोजून येतो (प्रश्न १२). पाचशे माणसांचा निधी वेगळा झाला तरी तो पाचशे माणसांचाच राहणार, पण शिपायाचा पगार, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार, कार्यालयाचं वीजबिल हे सगळं मात्र स्वतंत्र होणार. वेगळ्या झालेल्या एका गावाची घरपट्टी पूर्ण वसूल झाली तरी शिपायाचा पगार निघत नाही, हे मी पाहिलंय. तिकडे कामं जातात ही तक्रार असेल तर आपल्या वॉर्डाचा सदस्य ग्रामसभेत आराखड्यावर बोलतो का, ते आधी बघा.

३. सदस्य किती असतात?

लोकसंख्या १,५०० पर्यंत असेल तर ७, तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, आणि असं करत ७,५०० च्या वर १७. थेट निवडलेला सरपंच यापेक्षा वेगळा. निम्म्या जागा महिलांना, म्हणजे सातात चार.

४. माणसं कमी झाली, तरी कागदावर जुनाच आकडा का? आणि काही गावांत वाढली तरी जुनाच?

कारण सगळं २०११ च्या जनगणनेवर चालतं. सदस्यसंख्या, वित्त आयोगाचा निधी, आरक्षण, सगळीकडे तोच आकडा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे.

आपल्या पट्ट्यात याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. काही गावांतली तरणी पोरं नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत गेली आणि तिकडेच खोली करून राहिली. त्यांचा आकडा अजून गावाकडे आहे, म्हणजे निधीला फायदा. उलट रस्त्यालगतच्या गावात बाहेरची कुटुंबं येऊन मळ्यांत राहिली, त्यांचं पाणी कुणाच्याच हिशेबात नाही. दुसऱ्या प्रकारच्या गावाने टंचाईच्या प्रस्तावात जनगणनेच्या आकड्याशेजारी सध्याची कुटुंबसंख्या, वस्तीनिहाय, घरक्रमांकासह जोडावी. तपासणीला येणारा माणूस ती यादी हातात घेऊन फिरतो.

५. ग्रामसभेला माणसंच जमत नाहीत. कोरम किती लागतो?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. ६४० मतदारांच्या गावाला ९६ माणसं लागतात. १,२०० मतदार असतील तर १५ टक्के १८० होतात, पण शंभरावर भागतं. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला कोरमची अट नाही. ही सवलत आहे. दर सभा मुद्दाम तहकूब करायची काही गावांना सवय लागलीय, ती वाईट.

वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या रूढ तारखा. आपल्याकडे २६ जानेवारीला अर्धं गाव ऊसतोडीला किंवा मेंढरं घेऊन बाहेर असतं, म्हणून पाण्याचा महत्त्वाचा विषय २ ऑक्टोबरच्या सभेत घ्या. त्याचं आणखी एक कारण प्रश्न ७ मध्ये आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती नुसती सह्यांवर उरकू नका. हंडा कुणाच्या डोक्यावर आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

६. मी नाशिकला राहतो, पण यादीत नाव गावाला आहे. ग्रामसभेत बोलता येईल का? सदस्य होता येईल का?

गावच्या मतदार यादीत नाव असेल तर ग्रामसभेत बसता येतं, बोलता येतं, हात वर करता येतो. मात्र नाशिकच्या यादीतही नाव चढवलं असेल तर ते एका ठिकाणचं काढावं लागेल. दोन ठिकाणी मतदार राहणं कायद्यात बसत नाही.

सदस्य होता येईल, पण सलग सहा महिने परवानगी न घेता बैठकांना गैरहजर राहिलात तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे पद जातं. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पहाटेची बस पकडून मासिक बैठकीला येणारे सदस्य आहेत. आणि निवडून आल्यावर फक्त यात्रेला दिसणारेही आहेत.

७. टँकर मागायचा कसा? आम्ही एप्रिलमध्ये अर्ज केला, मे अर्धा संपला तरी आला नाही.

सर्वांत जास्त फोन याचेच, म्हणून जरा लांबवतो.

टंचाईचं वर्ष ऑक्टोबर ते जून असं धरतात आणि त्याचे तीन तुकडे करतात : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा या तुकड्यांप्रमाणे आधीच तयार होतो. त्यात तुमच्या गावाचं आणि प्रत्येक वाडीचं नाव असायला हवं. ते नसलं तर एप्रिलमधला अर्ज आधी आराखड्यात घुसवायचा आणि मग मंजूर करायचा, अशी दुप्पट वाट चालतो. म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा. पाऊस संपलेला असतो, विहिरीत किती पुरुष पाणी आहे ते डोळ्यांना दिसत असतं, होळीला काय होणार याचा अंदाज म्हाताऱ्या माणसांना असतोच.

ठरावात नुसतं ‘गावात तीव्र पाणीटंचाई आहे, तरी टँकर मिळावा’ असं लिहू नका. गाव आणि वाडीनिहाय माणसं, जनावरं, गावातला प्रत्येक स्रोत आणि त्याची आजची स्थिती (विहीर कोरडी, हातपंप नादुरुस्त, बोअर तासाला दोन हंडे), जवळच्या शिवारात अधिग्रहण करण्याजोगी विहीर आहे की नाही, आणि टँकर कुठून भरता येईल, हे सगळं लिहा. प्रस्ताव पंचायत समितीत जातो, तहसील आणि पंचायत समितीची माणसं संयुक्त पाहणी करतात, मग मंजुरी. पाहणीच्या दिवशी गावात कुणीतरी हजर राहा. एका गावात पाहणीला आलेल्यांना नेमकी आदल्या रात्री भरलेली पाण्याची टाकी दाखवली गेली, पाहुण्यांसमोर अब्रू जाऊ नये म्हणून. प्रस्ताव परत आला.

पाणी माणशी दिवसाला २० लिटर या मापाने मिळतं. सहाशे माणसांना १२,००० लिटर, म्हणजे बारा हजारी टँकरची एक खेप. खेपांची नोंदवही गावात ठेवा आणि आलेल्या खेपेवरच सही करा. न आलेल्या खेपेवर ‘आपलाच ड्रायव्हर आहे’ म्हणून सही दिली की पुढच्या महिन्यात खेपा कमी पडतात असं सांगायला तोंड राहत नाही.

हेही लक्षात घ्या की टँकर हा यादीतला शेवटचा उपाय आहे. त्याआधी नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विंधन विहीर, विहीर खोल करणे, गाळ काढणे, खासगी विहीर अधिग्रहण असे उपाय तपासतात. ते का जमणार नाहीत हे ठरावातच लिहिलंत तर एक फेरी वाचते.

८. टँकर गावठाणातल्या विहिरीत ओततात. आम्ही मळ्यात राहतो, तीन किलोमीटरवर. आम्ही काय करायचं?

तुमच्या वस्तीचं नाव मूळ प्रस्तावात होतं का, ते आधी बघा. बहुतेक वेळा नसतं, कारण ठराव गावठाणात बसून लिहिला जातो. वस्तीचं नाव, कुटुंबं आणि टँकर उभा राहील अशी जागा लिहून पुरवणी ठराव द्या. चार-चार घरांच्या सुट्या मळ्यांना वेगळी खेप मिळणं अवघड जातं. तिथे दोन-तीन मळ्यांच्या मध्ये एक टाकी किंवा जुनी विहीर ठरवून ती वस्ती म्हणून दाखवावी. रस्ता टँकर जाण्यासारखा लागतो, हे सांगायला नको.

९. गावाला ‘हर घर जल’चे नळ झालेत. आता टँकर मिळणार नाही असं सांगतात. खरं का?

नळ असणं आणि नळाला पाणी असणं या दोन गोष्टी आहेत. जलजीवन मिशन, ज्यातून हे ‘हर घर जल’चे नळ आले, १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं ते माणशी दिवसाला ५५ लिटर देण्यासाठी. ज्या विहिरीवर योजना केली तीच आटली तर ५५ काय आणि पाच काय. स्रोत कोरडा पडल्याचं पाहणीत सिद्ध झालं तर टंचाईचे उपाय मागता येतात. मात्र वीजबिल थकल्यामुळे महावितरणने मोटारीची जोडणी तोडली असेल, तर त्याला टंचाई म्हणत नाहीत. ते पाणीपट्टीच्या वसुलीचं दुखणं आहे, आणि त्यावर टँकर मागायला गेलात तर तहसीलमध्ये पहिला प्रश्न बिलाचाच येईल.

१०. माझी विहीर गावासाठी अधिग्रहित करणार म्हणतात. मी नाही म्हणू शकतो का? डाळिंबाचं काय?

पिण्याचं पाणी सगळ्यांच्या आधी, त्यामुळे आदेश झाला की नाही म्हणता येत नाही. मोबदला मिळतो, शासनाच्या दराने, आणि बरेचदा उशिरा. आदेशाची प्रत, सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख हे स्वतःजवळ ठेवा. पाहणीच्या वेळी बागेचं किमान पाणी सोडून किती देता येईल ते तोंडी न सांगता लेखी द्या. डाळिंब वाचवण्याची तेवढीच एक वाट आहे.

११. गावच्या पाण्याच्या विहिरीशेजारी एकाने तीनशे फुटांचा बोअर मारला. आमची विहीर बसली. काही करता येतं?

१९९३ च्या कायद्यात सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घ्यायला बंदी होती, म्हणून तो आकडा अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. नंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला, आणि त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीवर बंदी आहे. तीनशे फूट त्याच्या बाहेर जातात. तक्रार तहसीलदारांकडे लेखी द्या, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेची पाहणी मागा. तुमची विहीर त्याच बोअरमुळे बसली का, हे तेच सांगू शकतात. गावात बसून मिटवता आलं तर उत्तम. बोअर मारणारा बहुधा कुणाचा तरी मेव्हणा असतोच.

१२. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे सिमेंटच्या रस्त्याला का वापरता येत नाहीत?

वापरता येतात, पण सगळे नाही. २०२१–२२ ते २०२५–२६ या काळात या अनुदानाचे ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित होते. बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. रस्ता अबंधितातून. राज्यात या निधीची वाटणी ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के अशी होती. मुदत संपून निवडणूक लांबली आणि प्रशासक बसला, तर केंद्राचं अनुदान अडकतं. ‘प्रशासक आला म्हणजे भांडणं संपली’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१३. तलाठ्याकडून ८अ आणला, तरी ग्रामपंचायत म्हणते नमुना ८ आणा. एकच ना?

नाही. ८अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, तो महसूलचा. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा. मळ्यातल्या घराचीही ग्रामपंचायत आकारणी करते, आणि ती करून घ्या. घरकुल, वीजमीटर, वस्तीची यादी (प्रश्न ८) सगळीकडे तो उतारा लागतो. पण नमुना ८ वर नाव आहे म्हणजे जागा आपली झाली असं समजू नका. तो कराचा कागद आहे, मालकीचा नाही. गावठाणातल्या घराच्या मालकीसाठी स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळणारी सनद आणि मिळकत पत्रिका बघावी.

आणि हो, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. गावात दोघांना जुन्याच नावाने हाक मारतात आणि दोघेही ओ देतात.

१४. बाळ नाशिकच्या दवाखान्यात झालं. जन्माचा दाखला गावात का देत नाहीत?

जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आईवडिलांच्या गावाला नाही. नाशिक शहरातल्या दवाखान्यात झाला तर दाखला महापालिकेकडे. घरी किंवा गावच्या हद्दीत झाला तरच ग्रामपंचायतीत. नोंद २१ दिवसांत करा. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जावं लागतं.

१५. आमचं गायरान दोनशे एकर आहे. सौर कंपनी विचारतेय. ग्रामपंचायत भाड्याने देऊ शकते का?

परस्पर नाही. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिसलं तरी जमीन शासनाची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरानाबाबतचे नियम जास्तच कडक झाले. सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमीन दिली जाते, पण ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. गावात आलेला माणूस सरपंचाकडून कोऱ्या लेटरहेडवर सही मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. खासगी पडीक जमिनीचं वेगळं. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे. ठराव करण्याआधी मेंढपाळांना विचारा. नांदगाव-येवल्याच्या माळावर चराई अजून त्यांच्या जगण्याचा भाग आहे आणि ते ग्रामसभेला क्वचितच असतात.

१६. सरपंच थेट निवडून आला, आता ऐकत नाही. हटवता येतो का?

थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. थेट सरपंचावर अविश्वास आणायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात, आणि नंतर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्का लागतो. पहिली दोन वर्षं आणायचाच नाही. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत एक-दोन जण फुटले की विषय संपला.

गैरकारभार असेल तर त्याच अधिनियमाचं (प्रश्न ६) कलम ३९, त्याचा निर्णय विभागीय आयुक्तांकडे, नाशिकरोडला. अपात्रता असेल तर कलम १४ आणि १६, ती जिल्हाधिकाऱ्यांकडे : सरकारी जागेवर अतिक्रमण, मागणीचं बिल मिळूनही तीन महिने कर थकवणं, १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलामुळे दोनपेक्षा जास्त अपत्यं. अतिक्रमण सासऱ्याने केलं आणि मी नुसता तिथे राहतो, ही पळवाट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली.

१७. पालखेड धरणाच्या पाटाचं आवर्तन (पाण्याची पाळी) गावाजवळून जातं, आमचं तळं कोरडं. भरून मिळेल का?

पाटाच्या लाभक्षेत्रात किंवा लगत असाल तर पिण्यासाठी मागता येतं. धरणांच्या १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचं नियोजन होतं. जायकवाडी त्या वेळी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्नही तेव्हाच उभा राहतो, आणि नाशिकच्या वाट्याचं गणित बदलतं. म्हणून तळं भरण्याची मागणी १५ ऑक्टोबरच्या आत जलसंपदा आणि तहसील दोन्हीकडे द्या. पुन्हा तीच २ ऑक्टोबरची सभा. पुणेगाव–दरसवाडी–डोंगरगाव कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांनी पाणी पोहोचलं की फोटो काढण्याआधी चारी साफ आहे का ते बघावं.

१८. आदिवासी पाड्यांना वेगळी ग्रामसभा मिळते. आमच्या वस्तीला का नाही?

तो पेसा कायदा. पेठ, सुरगाणा अशा अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना लागू आहे. येवला, नांदगाव, सिन्नर त्यात नाहीत.

१९. येवल्यातल्या ममदापूरकडची काळविटं गावच्या हौदावर येतात. टँकरचं पाणी त्यांना द्यायचं का?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता. टँकरचं पाणी माणसांच्या मापाचं असतं. काळविटांसाठी पाणवठे भरणं वनविभागाचं काम, त्यांना ग्रामपंचायतीचं पत्र द्या. पत्राचं उत्तर येईपर्यंत हौदाच्या नळाखाली जे सांडतं ते सांडू द्यायला हरकत नाही.